चिमणरावांना बोलू द्यावं

चिमणराव पुण्याचे. कचेरी पुण्यातली, बिऱ्हाड पुण्यातलं, भोवतीचा सगळा गोतावळा पुणेरी. पण ते कागदावर उतरले ते आमच्या बडोद्यात. चिंतामण विनायक जोशी १८९२ साली पुण्यात जन्मले, फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबींकडे पाली शिकले आणि पुढे बडोदा कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. स्टेशनातून बाहेर पडून सयाजीगंजाच्या बाजूला आलं की ज्या इमारतीचा प्रचंड घुमट दिसतो तेच हे कॉलेज. आता तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा आहे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ चं, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ चं. पाली व्याकरण आणि बौद्ध वाङ्मय शिकवणारा एक गंभीर विद्वान फावल्या वेळात पुण्यातल्या एका कारकुनाच्या तोंडून त्याचा संसार सांगत होता, आणि सगळा महाराष्ट्र तो वाचून हसत होता.

बडोद्यातली मराठी माणसं आपल्या शहराचा मोठेपणा सांगताना सयाजीराव सांगतात, अरविंद घोष सांगतात, राजा रविवर्मा आणि फैयाझ खाँ सांगतात. चिं. वि. त्या यादीत फार उशिरा येतात, कधी कधी येतच नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, सुरसागरच्या काठच्या वाड्यांत ज्यांनी आयुष्य काढलं अशा घरांतून ही पुस्तकं जीर्ण होईपर्यंत वाचली गेली आहेत. पण लिहिणारा माणूस याच रस्त्यांवरून चालत होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

सध्या सांगायला एक निमित्तही आहे. चिं. वि. १९६३ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून साठ वर्षं लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. त्यामुळे त्यांच्या हयातीत छापून आलेलं लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांचं झालं आहे. ज्याला वाटेल त्याने चिमणरावांवर चित्रपट काढावा, मालिका करावी, मोबाइलवर ऐकायची पुस्तकं करावीत. मला याचा आनंद आहे आणि थोडी धास्तीही आहे. आनंद यासाठी की चिमणरावांच्या गोष्टींची श्रुतिका, म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक, करणाऱ्या आमच्यासारख्या लहान हौशी मंडळाला आता कुणाची परवानगी न मागता काम करता येतं. धास्तीचं कारण जरा लांबलचक आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

या गोष्टींतलं हसू कुठे आहे, असं कुणालाही विचारा. बहुतेक जण प्रसंग सांगतील, चिमणरावांची फजिती सांगतील, त्यांचे सोबती गुंड्याभाऊ यांचा सोटा सांगतील. हे सगळं तिथे आहेच. पण तसेच प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिले असते तर ते एव्हाना विसरले गेले असते. फजितीच्या गोष्टींना मराठीत कधी तोटा नव्हता. चिं. विं.च्या आधी कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या होऊन गेले होते, गडकऱ्यांचा बाळकराम होऊन गेला होता. चिमणरावांचं वेगळेपण असं की ते स्वतः सांगतात, आणि आपण हसण्यासारखे आहोत हे त्यांना ठाऊक नसतं. अत्यंत सालसपणे, मुद्देसूदपणे, आपली बाजू नीट मांडत ते बोलतात. वाचक त्या शब्दांच्या पलीकडचं पाहतो. माणूस जे सांगतो ते एक, आणि त्याच्या सांगण्यातूनच आपल्याला दिसतं ते दुसरं. या दोहोंमधल्या फटीत सगळं हसू भरलेलं असतं.

समजा, कुठल्याही गोष्टीतला एखादा निवेदक म्हणतो, “मी मागे राहिलो ते भीतीने नव्हे. पुढच्या माणसाला अंधारात एकटं वाटू नये म्हणून मागून आवाज द्यायला कुणीतरी हवंच होतं.” कागदावर हे वाक्य वाचताना आपल्याला माणूस दिसतो, त्याची भीती दिसते, भीती झाकण्याची धडपड दिसते आणि त्या धडपडीबद्दल माया वाटते. आता हे पडद्यावर आणा. अंधारी गल्ली, पुढे एक धिप्पाड माणूस, मागे एक किडकिडीत माणूस थरथरतो आहे. प्रेक्षक हसेल. पण वाक्य गेलं, आणि वाक्याबरोबर तो माणूसही गेला. उरला फक्त एक भित्रा.

विनोदी कादंबरीचं किंवा कथामालेचं माध्यमांतर करताना सगळ्यात मोठा धोका हा आहे. घटना सुखरूप पोचतात आणि सांगणारा वाटेत हरवतो. घटना उचलायला सोप्या असतात. पटकथेच्या वहीत त्या क्रमाने लिहून काढता येतात. सांगण्याची रीत त्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?

चिमणराव पडद्यावर फार लवकर आले. ‘नवयुग’चा ‘लग्न पहावे करून’ १९४० साली आला, ‘सरकारी पाहुणे’ १९४२ साली. दोन्हींचं दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्या पिढीच्या डोळ्यांपुढे चिमणराव म्हटलं की दामुअण्णाच येत, हे मी माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं आहे. दामुअण्णांचा चेहरा आणि त्यांचा तो तिरळा डोळा हे मराठी चित्रपटाला मिळालेलं एक देणं होतं. ते नुसते समोर उभे राहिले तरी लोक हसत. पण त्यातच अडचणीचं मूळ आहे. पुस्तकातल्या चिमणरावांना आपण पाहत नाही. त्यांच्या डोळ्यांनी आपण जग पाहतो, आणि त्यांचं रूप आपल्याला अंदाजाने कळतं. पडद्यावर त्यांच्याकडे पाहायची वेळ आली की पहिल्याच क्षणी आपण त्यांच्यापासून वेगळे होतो. आपण पाहणारे आणि ते दिसणारे. नट जितका थोर, तितकं हे वेगळं होणं पक्कं.

चित्रपटाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओढून नेणारं एक कथानक. चिमणरावांच्या गोष्टी सुट्या आहेत. त्यांतली माणसं तीच असतात, घर तेच असतं, पण प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी पुरी होते. लग्न जुळवणं हा विषय त्या काळच्या चित्रपटासाठी विनायकांनी निवडला यात त्यांची जाण दिसते. ‘घर पहावे बांधून, लग्न पहावे करून’ ही म्हण ज्या समाजात घरोघरी बोलली जाते त्याला त्या नावातच अर्धी गोष्ट कळते. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला असा एखादा मोठा खटाटोप लागतोच. मी विनायकांना दोष देत नाही. मुख्य पात्रं दोन, कुटुंब एक आणि काळ बोलपटाचा; त्यांनी त्यातून जे उभं केलं त्याने चिमणराव वाचनालयाबाहेर पोचले, ज्यांनी पुस्तक हातातही धरलं नव्हतं अशा माणसांपर्यंत पोचले.

परदेशातही हीच पंचाईत झालेली आहे. जेरोम के. जेरोमचं ‘थ्री मेन इन अ बोट’ १८८९ चं. तीन मित्र आणि एक कुत्रा थेम्स नदीतून होडीने जातात, एवढंच कथानक. पण ज्या जागा वाचकाला वर्षानुवर्षं आठवतात त्यांतल्या कितीतरी त्या प्रवासात घडतच नाहीत. भिंतीवर चित्र टांगणारे पॉजर काका नदीवर कुठे आहेत? वैद्यकाचं पुस्तक वाचून सगळे रोग आपल्यालाच झालेत अशी खात्री पटणं होडीत कुठे बसतं? हे सगळं सांगणाऱ्याला मधेच आठवतं म्हणून येतं. कॅमेरा होडीबरोबर निघाला की त्याला नदी दिसते, आठवण दिसत नाही. १९५६ साली जो चित्रपट निघाला त्यात म्हणूनच मूळ पुस्तकात नसलेल्या तरुणी आणाव्या लागल्या. नुसत्या नदीवर चित्रपट तरत नव्हता. सांगणारा काढून घेतला की पोकळी पडते आणि ती भरायला काहीतरी बाहेरून आणावं लागतं. माध्यमांतर पाहताना मी आता हेच पाहते: बाहेरून काय आणलंय? जे आणलंय त्यावरून काय गेलंय ते कळतं.

इंग्रज विनोदकार वुडहाउसच्या बर्टी वूस्टरचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. बर्टी हाही स्वतःच्या तोंडून बोलणारा निवेदक, चिमणरावांसारखाच निष्पाप, फक्त खिशात पैसे असलेला. १९९० ते १९९३ या काळातल्या दूरचित्रवाणी मालिकेत ह्यू लॉरीने त्याचं काम केलं आणि स्टीफन फ्राय त्याचा नोकर जीव्हज झाला. लॉरीचा चेहरा विलक्षण होता, मालिका फार देखणी होती, मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहे. तरीही बीबीसीच्या रेडिओवर १९७३ पासून जी नाट्यरूपं झाली, रिचर्ड ब्रायर्सचा बर्टी आणि मायकेल हॉर्डर्नचा जीव्हज, ती ऐकताना वुडहाउस जास्त सापडतो. कारण तिथे बर्टी गोष्ट सांगतो. प्रसंग सुरू होतो, संपतो, आणि बर्टी परत आपल्याशी बोलायला येतो. त्याची उपमांनी फुगलेली वाक्यं जिवंत राहतात. डोळ्यांना काही द्यायचं नाही म्हटल्यावर कानाला सगळं द्यावं लागतं, आणि वुडहाउसची सगळी कमाई कानाचीच होती.

आपल्याकडे पु. लं.नी हा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सोडवला. ‘असा मी असामी’ हे एका मध्यमवर्गीय कारकुनाचं, धोंडो भिकाजी जोशींचं, त्यांच्याच तोंडचं आत्मचरित्र. पु. लं.नी ते एकट्याने रंगमंचावर सादर केलं. माणूस उभा राहतो आणि सांगतो. मधेच वडील होतो, शेजारी होतो, मुलगा होतो, आणि परत स्वतःकडे येतो. सांगणारा क्षणभरही रंगमंच सोडून जात नाही. माझ्या मते मराठी विनोदी गद्याचं हे सर्वांत विश्वासू माध्यमांतर आहे. पण त्याला एकच माणूस पाहिजे, आणि तो पु. ल. पाहिजे. आमच्यासारख्यांनी तो रस्ता धरून चालत नाही.

आता दूरदर्शन. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला कार्यक्रम दिसू लागले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या केंद्रावर चिमणराव आले, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. १९७९ साली याच जोडीला घेऊन ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला. मुंबई-पुण्याचा मराठी माणूस त्या मालिकेबद्दल आजही हळवा होतो. बाळ कर्वे रस्त्याने चालले तरी लोक त्यांना गुंड्याभाऊ म्हणूनच हाक मारत.

आम्हा बडोदेकरांना मात्र ती दिसत नव्हती. मुंबईचं प्रक्षेपण आमच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ज्या गावात चिमणराव लिहिले गेले त्या गावाने ती मालिका पाहिली ती मे महिन्याच्या सुट्टीत, दादरच्या नाहीतर सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांकडे जाऊन. आमच्या घरातली मंडळी परत आली की प्रभावळकर कसे बसतात, कसे उठतात, चिमणरावांच्या बायकोने, काऊने, कसं पाहिलं, हे आम्हाला सांगत. मालिका आमच्यापर्यंत आली ती सांगोवांगीनेच. पुढे कधीतरी तिचे तुकडे पाहिले तेव्हा मला जाणवलं की सांगणाऱ्यांनी एक गोष्ट अचूक टिपली होती: चिमणराव कधी हसत नाहीत. प्रभावळकरांनी त्या माणसाला कुठेही चिमटा काढलेला नाही. प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारणं नाही, “बघा कसा वेंधळा आहे” असा आव नाही. चिमणरावांना स्वतःबद्दल जितका आदर आहे तितकाच आदर नटाने त्यांना दिलेला आहे. पुस्तकातल्या निवेदकाचा सालसपणा त्यांनी चेहऱ्यावर आणला. शब्द कमी झाले, पण त्या शब्दांमागचा स्वभाव टिकला. पडद्यावर यापेक्षा जास्त होऊ शकत नाही असं मला वाटतं.

आणि दर आठवड्याला एक गोष्ट हा मालिकेचा बांधा चिं. विं.च्या लिखाणाला चित्रपटापेक्षा जवळचा होता. गोष्ट संपली, पुढच्या आठवड्यात तेच घर, तीच माणसं, नवं काहीतरी. मोरू, मैना, राघू यांची नावं घरातल्या मुलांसारखी तोंडात बसली. मुळात चिमणराव मराठी घरांत शिरले ते असेच थोडे थोडे करून, आणि मालिकेनेही त्यांना तसंच येऊ दिलं.

प्रभावळकरांबद्दल आणखी एक सांगायला हवं. पुढे त्यांनी स्वतः ‘अनुदिनी’ नावाचं सदर लिहिलं. टिपरे कुटुंबाच्या रोजनिशीतून साकारलेलं घर. त्यावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका झाली आणि आबा टिपरे तेच झाले. दुसऱ्याने लिहिलेला निवेदक ज्याने अंगात मुरवला, त्याने पुढे स्वतः लिहायला घेतलं तेव्हा रोजनिशी निवडली, म्हणजे पुन्हा प्रथमपुरुषच. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. चिमणरावांनी त्या नटाला काहीतरी शिकवलं असणार.

आमचं मंडळ रेडिओच्या वाटेने गेलं आहे. बडोद्याला आकाशवाणी संस्थानाच्या काळापासून आहे. देशात ज्या मोजक्या संस्थानांची स्वतःची रेडिओ केंद्रं होती त्यांत बडोदा होतं, आणि विलीनीकरणानंतर ते आकाशवाणीत आलं. आम्ही मात्र मांडवीजवळच्या एका घरातल्या आतल्या खोलीत, भिंतींना गोधड्या आणि सतरंज्या लावून ध्वनिमुद्रण करतो. बाहेर रिक्षा आणि पतंगांच्या दिवसांत गच्चीवरची आरडाओरड. त्यामुळे काम रात्रीचं. माणसं सगळी नोकरी-धंदा सांभाळून येणारी. चिमणरावांचं काम करणारे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि त्यांना पहिल्या वाचनापासून एक प्रश्न होता.

“ताई, हा माणूस खोटं बोलतो का?”

“नाही काका. त्याला खरंच तसं वाटतं.”

“मग मी हे सगळं खरं म्हणूनच बोलायचं?”

“शपथेवर बोलल्यासारखं.”

काकांनी तसं केलं आणि खोलीतले सगळे हसायला लागले. काका मात्र थांबले नाहीत, आणि थांबले नाहीत म्हणून आणखी हसू आलं. श्रुतिकेची निम्मी तालीम त्या एका गोष्टीवर झाली असं म्हणायला हरकत नाही.

श्रुतिकेत चिमणराव दोन असतात, आणि हे कागदावर पटकन लक्षात येत नाही. एक गोष्ट सांगणारा आणि दुसरा गोष्टीत घडणारा. सांगणारा सगळं होऊन गेल्यावर बोलतो, त्याला शेवट माहीत असतो; घडणारा त्या क्षणी गांगरलेला असतो. एकाच नटाने दोन्ही करायचे तर ऐकणाऱ्याला फरक कळला पाहिजे. आम्ही तो अंतरावर सोडवला. निवेदन करताना काका माइकच्या अगदी जवळ, आवाज खालचा, कुणाच्या तरी पडवीत सुपारी कातरत बसल्यासारखा. प्रसंग सुरू झाला की ते दोन पावलं मागे जातात, मान जरा वळवतात, आवाज खोलीत पसरतो. कसलाही वेगळा परिणाम, प्रतिध्वनी, संगीताचा तुकडा लावावा लागत नाही. ऐकणाऱ्याला अंतर कळतं आणि अंतरावरून काळ कळतो.

गुंड्याभाऊंसाठी सोटा आहेच. तो जमिनीवर आपटला की ते आले. पण सोट्याच्या आवाजाचा मोह फार वाईट. एकदा लोक हसले की तो दर पानाला आपटावासा वाटतो. आमच्या संहितेत तो येण्याच्या वेळी एकदा आणि मग खरोखर उपयोगी पडेल तेव्हाच वाजतो. मधे ते नुसते बोलतात, त्यांच्या त्या मोकळ्या, दणदणीत, कुणाला न भिणाऱ्या आवाजात. तो आवाज पुरेसा आहे.

ध्वनीचा आणखी एक मोह आहे, आणि तो जास्त फसवा. निवेदक म्हणतो, “घरात सगळं शांत होतं,” आणि लगेच मागून भांडी पडल्याचा, मुलं रडल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा ही युक्ती छान वाटते. पण तिने काय होतं? यंत्र निवेदकाला खोटा पाडतं. जे काम वाचकाच्या मनाने करायचं ते यंत्राने करून टाकलं. चिं. विं.चा वाचक स्वतः ओळखतो की घरात काय चाललं असेल. त्या ओळखण्यातच त्याला चिमणरावांबद्दल आपलेपणा वाटतो, कारण त्याच्याही घरात तेच चाललेलं असतं. म्हणून आम्ही ठरवलं आहे की सांगणाऱ्याचं म्हणणं ध्वनीने खोडायचं नाही. तो म्हणाला शांत, तर शांत. त्याच्या पुढच्याच वाक्यात ऐकणाऱ्याला सगळं कळतं. पार्श्वभूमीला तयार हशा लावण्याची सूचनाही आली होती. तिच्यावर चर्चा झाली नाही, सगळ्यांनी एकदमच नको म्हटलं.

बोलीचा प्रश्न मात्र रेंगाळला. आमची मराठी बडोद्याची. हेल गुजरातीकडे झुकणारा, काही शब्द तिकडचेच. चिमणराव पुणेरी. मग काकांनी पुणेरी आवाज काढायचा का? काहींचं म्हणणं होतं की काढावाच, नाहीतर लोक नावं ठेवतील. मला ते पटलं नाही. कुणाचा तरी आवाज काढायला लागलं की नटाचं लक्ष आवाजावर जातं आणि माणसावरून उडतं. शिवाय लिहिणाऱ्याचा विचार करा. चिं. वि. पुण्यात वाढले आणि नंतरची कितीतरी वर्षं इथे राहिले. पालीबरोबर त्यांनी पुढे संस्थानच्या दफ्तराचंही काम पाहिलं. पुण्यातला तो कारकून त्यांना इतका स्वच्छ दिसला तो इथून, लांबून, दिसला असावा असं माझं मत आहे. पुण्यातच राहून रोज त्याच माणसांत वावरताना राग आला असता, टोमणे आले असते. लांब गेलेल्या माणसाच्या मनात माया उरते. तेव्हा बडोद्याच्या हेलात चिमणराव बोलले तर ते लेखकाच्या मुक्कामाला धरूनच आहे. काका आता त्यांच्या स्वतःच्या मराठीत बोलतात आणि सहज बोलतात.

पालीचं काम आणि हे लिखाण यांचा एकमेकांशी काही संबंध होता का, हा विचार माझ्या मनात बराच काळ घोळतो आहे. जातककथा पाचशे सत्तेचाळीस. चिं. विं.नी त्यांतल्या निवडक मराठीत आणल्या. या कथांची घडण पक्की आहे: आधी वर्तमानातला एक प्रसंग, त्यावरून बुद्धांनी सांगितलेली पूर्वजन्मीची गोष्ट, आणि शेवटी कोण कोण होतं याचा उलगडा, ज्यात सांगणारा म्हणतो की त्या गोष्टीतला तो मीच. सांगणारा गोष्टीबाहेर बसलेला नसतो. शेवटी तो गोष्टीतच सापडतो. वर्गात वर्षानुवर्षं हे वाङ्मय शिकवणाऱ्या माणसाला विनोद लिहिताना प्रथमपुरुष जवळचा वाटला, यात मला नवल वाटत नाही. चिमणरावांच्या चुकांकडे पाहण्याची जी करुणा आहे, कुणालाही न हिणवण्याची, तीही मला त्याच घुमटाखालून आलेली वाटते. हे सिद्ध करता येणारं नाही. पण मी चिमणराव वाचते तेव्हा मला ते जाणवतं, आणि संहिता लिहिताना मी ते मनात धरून लिहिते.

मूळ लेखनात जे नव्हतं ते माध्यमाने द्यावं असं मी म्हणते तेव्हा माझ्या मनात काऊ असते. पुस्तकात काऊ चिमणरावांच्या सांगण्यातून दिसते. ती बोलते तेही ते सांगतात म्हणून. तिचं मत, तिचा वैताग, तिची समजूत, सगळं नवऱ्याच्या वाक्यांतून गाळून येतं. पडद्यावर ती देहाने उभी राहिली आणि तिला पाहणं मिळालं, नवऱ्याकडे, मुलांकडे, गुंड्याभाऊंकडे. चित्रपट आणि मालिकेने निवेदकाचं जे नुकसान केलं त्याची थोडी भरपाई इथे झाली. जिच्याबद्दल सांगितलं जात होतं ती समोर आली.

श्रुतिकेत तसं पाहणं नाही. आमच्याकडे काऊचं काम करणारी मुलगी विद्यापीठातच शिकते, त्याच कला शाखेत. तिने एका रात्री विचारलं, “ताई, चिमणराव हे सगळं सांगत असतात तेव्हा काऊ कुठे असते? घरातच ना? मग तिला ऐकू येत असणार.” मी त्या प्रश्नावर थांबले. काऊ स्वयंपाकघरात असणार. मधे एक भिंत, नाहीतर नुसता पडदा. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला संसार सांगतो आहे आणि ज्या बाईचा तो संसार आहे ती दोन हातांवर बसून ऐकते आहे. चिं. विं.नी हे लिहिलेलं नाही, पण त्यांनी जे लिहिलं त्यात ही शक्यता शिल्लक आहे.

आता मंडळात दोन मतं आहेत. काकांचं म्हणणं असं की निवेदन अखंड राहू द्यावं. चिमणरावांना मधे कुणी टोकलं तर त्यांचा सालसपणा डगमगेल आणि आपण आत्तापर्यंत जे सांभाळलं ते जाईल. मुलीचं म्हणणं असं की तिने टोकायचं नाही, फक्त ती ऐकते आहे हे कळलं पाहिजे. ध्वनिमुद्रणाचं काम पाहणारा आमचा मित्र म्हणतो की माइकपासून लांब, दाराच्या पलीकडून, भाजी चिरण्याचा आवाज येतो आहे तो चिमणरावांच्या एखाद्या वाक्यावर क्षणभर थांबावा आणि पुन्हा सुरू व्हावा. त्याने निवेदक खोटा पडत नाही, त्याचं वाक्य कुणी खोडत नाही. आम्ही ते करून पाहिलं. काका आपल्या तंद्रीत बोलत राहिले, त्यांना थांबलेलं कळलंच नाही. खरं तर चिमणरावांनाही कळलं नसतं. मी हा आवाज ठेवायच्या बाजूने आहे. तो थांबा नेमका कुठल्या वाक्यावर यायचा ते ठरवायला पुढच्या शनिवारी सगळे बसणार आहेत, आणि त्या वेळी पुस्तक समोर उघडं असेल.